पाहुण्याची वही : पॅट्रिक ली फर्मर यांच्या प्रवासलेखनातील मावळता उमराव वर्ग

प्रवासवर्णनाचा विचार करताना प्रवास आणि लेखन यांच्यामध्ये किती काळ गेला, हा प्रश्न सामान्यतः दुय्यम मानला जातो. प्रवासी हिंडून येतो, टिपणे उलगडतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुस्तक सिद्ध होते, असे गृहीत धरलेले असते. काही थोड्या ग्रंथांच्या बाबतीत मात्र हे मधले अंतर हाच ग्रंथाचा खरा विषय होऊन बसतो. मराठीत याचे ठळक उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे आहे. दक्षिणेच्या आशेने १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या या तरुण भिक्षुकाने झाशीचे दरबारी जीवन आणि त्याचा विध्वंस दोन्ही जवळून पाहिले. परंतु ते लिहिले सुमारे पाव शतकानंतर, १८८३च्या सुमारास, आणि ते छापले गेले १९०७ साली. गोडसे भटजींना जे घर आदरातिथ्य करताना भेटले ते लिहिण्याच्या वेळी अस्तित्वात नव्हते. पाहुणा उरला होता, यजमान उरले नव्हते.

पाहुणा आणि यजमान यांच्या या विषम नात्याचे विसाव्या शतकातील सर्वांत विस्तृत इंग्रजी उदाहरण म्हणजे पॅट्रिक ली फर्मर (१९१५–२०११) यांची प्रवासत्रयी. ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ १९७७ साली, ‘बिट्वीन द वुड्स अँड द वॉटर’ १९८६ साली आणि ‘द ब्रोकन रोड’ लेखकाच्या मृत्यूनंतर २०१३ साली प्रसिद्ध झाले. या तीन ग्रंथांत वर्णिलेला प्रवास मात्र १९३३–३४चा आहे. अठरा वर्षांचा एक इंग्रज मुलगा हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरून पायी कॉन्स्टँटिनोपलकडे निघाला आणि वाटेत मध्य युरोपातील उमराव घराण्यांनी त्याला घरात घेतले, हे त्याचे कथासूत्र. मराठी वाचकाला हे लेखन फारसे परिचित नसल्याने प्रस्तुत लेखात आधी त्या आदरातिथ्याचे स्वरूप स्पष्ट करून मग त्याच्या स्मरणातून निर्माण होणाऱ्या वाङ्मयीन प्रश्नाकडे वळावयाचे आहे.

फर्मर यांचे बालपण घराविना गेले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वडील लुईस ली फर्मर हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात होते आणि पुढे त्या खात्याचे संचालक झाले. हिंदुस्थानातील मँगनीजच्या साठ्यांवरील त्यांचा १९०९चा बृहद्‌ग्रंथ प्रसिद्ध आहे. नागपूर, भंडारा, बालाघाट हा त्यांच्या अभ्यासाचा प्रदेश. पॅट्रिकच्या जन्मानंतर आई मोठ्या मुलीला घेऊन हिंदुस्थानात परतली आणि तान्हा मुलगा इंग्लंडमधील एका खेड्यातल्या कुटुंबाकडे राहिला. पित्याचा सहवास त्याला जवळजवळ लाभलाच नाही. पुढे शाळाही टिकल्या नाहीत. कँटरबरीच्या शाळेतून, गावातल्या भाजीविक्रेत्याच्या मुलीचा हात हातात धरल्यावरून, त्याला काढून टाकण्यात आले. सैन्यात जाण्याचा विचार बारगळला, लंडनमध्ये लेखक होण्याचे प्रयत्न फसले, आणि १९३३च्या डिसेंबरात हा मुलगा एका डच बोटीत बसला. खर्चाला आठवड्याला एक पौंड. तो महिन्याच्या हिशेबाने वाटेवरच्या टपालकचेऱ्यांत येऊन पडावयाचा. पाठीवरच्या पिशवीत इंग्रजी कवितांचा एक संग्रह आणि होरेसच्या काव्याचा एक खंड. गोठ्यात, गवताच्या गंजीत, धर्मशाळांत निजावे, शेतकरी आणि भटके यांच्या संगतीत राहावे, अशी त्याची कल्पना होती. वाड्यांच्या दिवाणखान्यांत बसण्याचा बेत त्यात नव्हता.

तो बेत म्युनिकमध्ये बदलला, आणि तोही चोरीमुळे. १९३४च्या जानेवारीत तेथील युवक-निवासातून त्याची पिशवी चोरीस गेली. तीत पैसे होते, पारपत्र होते, होरेस होता आणि लंडन सोडल्यापासून लिहिलेली रोजनिशीही होती. ब्रिटिश वकिलातीने पाच पौंड उसने दिले. एका ओळखीच्या पत्रावरून बॅरन लिफार्ट यांच्या घराचे दार उघडले. हे घराणे मूळचे एस्टोनियातले, बाल्टिक प्रदेशातील जर्मन सरदारांपैकी. १९१९च्या जमीनसुधारणेत एस्टोनियाच्या नव्या प्रजासत्ताकाने या सरदारांच्या जहागिरी ताब्यात घेतल्या होत्या आणि लिफार्ट कुटुंब म्युनिकजवळ निर्वासितासारखे राहत होते. त्यांनी मुलाला काही दिवस ठेवून घेतले, कपडे दिले, आणि निरोप देताना सतराव्या शतकात छापलेली होरेसची एक छोटी प्रत हातात ठेवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऑस्ट्रियातील आणि त्यापुढील आपल्या स्नेह्यांना त्यांनी पत्रे लिहिली. पुढच्या वर्षभराचा सारा आदरातिथ्याचा व्यवहार या पत्रांतून सुरू झाला. ज्यांचे स्वतःचे सर्वस्व गेलेले आहे अशा कुटुंबाकडून हे पहिले दान मिळावे, ही गोष्ट या त्रयीच्या वाचनात नजरेआड करून चालणार नाही. फर्मर ज्या वर्गाचे पाहुणे झाले तो वर्ग मावळू लागलेला होता असे म्हणणेही अपुरे आहे. त्याच्या एका टोकाला अंधार आधीच पडलेला होता.

हे आदरातिथ्य कसे चालत असे, हे पाहण्यासारखे आहे. एका घरातून निघताना यजमान पुढच्या घराला पत्र लिही. ते घर बहुधा चुलत बहिणीचे, मेहुण्याचे किंवा जुन्या पलटणीतील सोबत्याचे असे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात ही घराणी लग्नसंबंधांनी एकमेकांत गुंतलेली होती. १९१८ साली साम्राज्य कोसळले आणि ४ जून १९२०च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन-तृतीयांश प्रदेश शेजारच्या राष्ट्रांकडे गेला. त्यामुळे एकाच गोतावळ्यातील माणसे चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांची नागरिक झाली. नात्याचे जाळे राहिले, पण त्याच्यावरून सीमा गेल्या. अशा काळात कोणत्याही पक्षाचा नसलेला, हसतमुख, जुन्या काव्याची आणि वंशावळींची अतोनात हौस असलेला परका तरुण या घरांना हवाहवासा वाटला, यात नवल नाही. त्याच्या तोंडून पलीकडच्या नातलगांची खबर कळे. शिवाय खेड्यातल्या वाड्यात हिवाळा आणि एकांत दोन्ही दीर्घ असतात. ग्रंथालयात शिरून जेवणाची वेळ विसरणारा श्रोता अशा घरी रोज येत नाही.

या यजमानांपैकी सर्वांत संस्मरणीय चित्र बॅरन फिलिप शाय यांचे आहे. स्नेहीमंडळी त्यांना पिप्स म्हणत. स्लोव्हाकियातील केव्हेचेश येथील त्यांच्या घरी तरुण पाहुणा पोचला तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या गृहस्थांनी त्याला बरोबरीच्या माणसाप्रमाणे वागविले. ज्यू सराफी घराण्यातील, बहुभाषी, वाचनात बुडालेले पिप्स हे त्याला साहित्य, स्त्रीपुरुषसंबंध, युद्धापूर्वीचे व्हिएन्ना अशा विषयांवर प्रौढ माणसाशी बोलावे तसे बोलत. प्रूस्तच्या कादंबरीची ओळख त्या मुलाला येथेच झाली. चार वर्षांनी हे सारे संपले. १९३८च्या मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि व्हिएन्नातून परागंदा झालेली पिप्स यांची बहीण एमी एफ्रुसी त्याच वर्षाच्या शरदात केव्हेचेश येथेच मरण पावली. ही हकीकत फर्मर यांच्या ग्रंथात नाही. ती एडमंड द वाल या तिच्या पणतवाने लिहिलेल्या ‘द हेअर विथ अँबर आईज’ या २०१० सालच्या कौटुंबिक इतिहासात आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच घराच्या दिवाणखान्यात दोन वेगळे दिवे लागल्यासारखे होते. एकात शिकारीच्या गप्पा आणि पुस्तके, दुसऱ्यात आश्रयाला आलेली, जगण्याची इच्छा संपलेली वृद्धा. पाहुण्याने जे पाहिले ते खोटे नव्हते. त्याने ते चार वर्षे आधी पाहिले होते, एवढेच.

हंगेरीत आणि ट्रान्सिल्व्हेनियात या यजमानांची संख्या वाढते आणि मुक्कामही लांबतात. कापोल्नाश येथील काऊंट येनो टेलेकी हे पतंगांचे अभ्यासक होते. बालपणी स्कॉटलंडच्या दाईकडून इंग्रजी शिकल्याने त्यांच्या बोलण्यात त्या प्रांताचे हेल आणि शब्द येत, हे लेखकाने मोठ्या खुमारीने सांगितले आहे. मुरेश नदीच्या काठचा ‘इश्तवान’ हा त्या उन्हाळ्यातील जिवलग मित्र. ग्रंथातील हे नाव बदललेले असून ती व्यक्ती म्हणजे एलेमेर फोन क्लोबुशित्स्की हे हंगेरियन जमीनदार होते. यांच्यापैकी बहुतेकांच्या जमिनी १९२१च्या रुमानियन जमीनसुधारणेने कमी झालेल्या होत्या. घोडे होते, मोटारीही क्वचित होत्या, परंतु रोख पैसा नसे. राहणीचा डौल आणि उत्पन्न यांच्यातील ही तफावत मराठी वाचकाला चटकन कळण्यासारखी आहे. महेश एलकुंचवार यांच्या १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’तील अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर ज्याला आठवतो, त्याला या वाड्यांचे अर्थशास्त्र वेगळे समजावून द्यावे लागत नाही. अर्थात मराठीतील वाड्याचे वाङ्मय बहुधा आतून लिहिलेले आहे. त्यात घरातल्यांची भांडणे, कर्ज आणि घुसमट येते. पाहुण्याला हे दिसत नाही, किंवा दिसले तरी सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटत नाही.

फर्मर यांच्या लेखनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप याच मुद्द्यावर उभा आहे. हा आक्षेप असा की ही त्रयी म्हणजे स्मरणरंजन आहे. जमीनदार सुसंस्कृत, वाडे रमणीय, उन्हाळा अखंड. या सुखाची किंमत ज्या रुमानियन कुळांनी आणि मजुरांनी मोजली ते येथे सुगीच्या देखाव्यापुरते येतात. आक्षेपात तथ्य आहे. त्याचे बळ जाणून घ्यावयाचे असेल तर मिक्लोश बान्फी यांची ट्रान्सिल्व्हेनियन कादंबरीत्रयी पाहावी. बान्फी स्वतः त्या वर्गातील मोठे सरदार, हंगेरीचे माजी परराष्ट्रमंत्री. त्यांच्या त्रयीचा पहिला भाग १९३४ साली, म्हणजे तरुण फर्मर त्याच प्रदेशात पाहुणचार घेत असताना, प्रसिद्ध झाला. १९१४ पूर्वीच्या आपल्याच वर्गाची बेफिकिरी, जुगार, पोकळ राजकारण आणि रुमानियन शेतकऱ्यांविषयीची अनास्था यांचे त्यात निर्दय चित्रण आहे. ज्या दिवाणखान्यांत पाहुण्याला सौजन्य दिसले तेथे घरच्या माणसाला अपराध दिसला. या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराला १९९९ साली प्रस्तावना लिहिली ती फर्मर यांनीच. आपल्या आठवणींना छेद देणारी साक्ष त्यांनी स्वतःच वाचकांपुढे आणली, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

तथापि स्मरणरंजन हा शब्द वापरून हा विषय संपत नाही. ज्याला गतकाळाचे केवळ रंजन करावयाचे आहे तो लेखक काळाची फट बुजवून टाकतो. फर्मर ती उघडी ठेवतात. त्यांच्या निवेदनात दोन व्यक्ती एकाच वेळी उपस्थित असतात. एक अठरा-एकोणीस वर्षांचा प्रवासी, ज्याला राजकारणाची फारशी जाण नाही आणि जो जर्मनीतील गणवेशधाऱ्यांच्या गर्दीतून पुढे निघून जातो. दुसरी साठी-सत्तरीतील लेखकाची, जिने युद्ध पाहिले आहे आणि या माणसांचे पुढे काय झाले हे जिला ठाऊक आहे. मराठीत लिहिताना पहिल्याला ‘तो’ आणि दुसऱ्यांना ‘ते’ म्हणावेसे वाटते, आणि हा भेद केवळ वयाचा नाही. मुलगा घराचे वर्णन करीत असतो तोच एखाद्या तळटीपेत किंवा कंसातील वाक्यात लेखक येऊन सांगून जातो की हे घर पुढे जळाले, ही व्यक्ती परदेशात वारली, हा पूल उडविला गेला. दुसऱ्या खंडाचा शेवट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. डॅन्यूब नदीतील आदा काले नावाच्या, तुर्कांची वस्ती असलेल्या बेटावर मुलगा उतरतो, कॉफी पितो, म्हाताऱ्यांच्या संगतीत बसतो. त्यानंतर पुरवणीत लेखक सांगतात की धरणाच्या पाण्याखाली ते बेट आता बुडालेले आहे. धरण पूर्ण झाले १९७२ साली. येथे रंजनाला जागा उरत नाही.

काही वेळा मात्र लेखक काहीच सांगत नाहीत, आणि ते मौन अधिक बोलके होते. दुसऱ्या खंडात कार्पेथियन पर्वतराजीतील एका लाकूडतोडीच्या तळावर मुलाची गाठ एका धर्मनिष्ठ ज्यू कुटुंबाशी पडते. तळाच्या व्यवस्थापकाचा भाऊ सातू मारे गावचा धर्मोपदेशक आहे. परक्या मुलाची जिज्ञासा पाहून सुरुवातीचा संकोच गळतो, हिब्रू स्तोत्रे मोठ्याने वाचून दाखविली जातात, आणि मुलाला पाठ असलेल्या इंग्रजी बायबलशी ती ताडून पाहिली जातात. साऱ्या त्रयीतील हा बहुधा सर्वांत निर्मळ प्रसंग. त्यात सरदार नाहीत, वाडा नाही, शिफारसपत्रही नाही. सातू मारे येथील ज्यूंना १९४४ साली ऑश्विट्झला नेण्यात आले. प्रसंग रंगविताना लेखक हा आकडा किंवा ते नाव पुढे करीत नाहीत. वाचकाला ते माहीत आहे, आणि वाचकाला माहीत आहे हे लेखकाला माहीत आहे. हे कुटुंब आणि काऊंट टेलेकी यांना एकाच ग्रंथात, एकाच आपुलकीने स्थान मिळाले आहे, ही गोष्ट केवळ उमरावांचा भाट म्हणून या लेखकाकडे पाहणाऱ्यांनी विचारात घ्यावयास हवी.

आता संहितेच्या विश्वसनीयतेचा प्रश्न. येथे सामग्री विशेष समृद्ध आहे, कारण एकाच प्रवासाची तीन वेगवेगळ्या काळांतील शब्दरूपे उपलब्ध आहेत. पहिली रोजनिशी म्युनिकला चोरीस गेली. दुसरी, हिरव्या बांधणीची, मुलाने ब्रातिस्लाव्हात घेतली. म्हणजे हॉलंड, ऱ्हाइनचे खोरे आणि दक्षिण जर्मनी या, ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’मधील सर्वांत झगझगीत भागाला समकालीन टिपणाचा आधारच नाही. कोलोनचे प्रार्थनामंदिर, उल्मचा बर्फ, दारूच्या गुत्त्यांतले चेहरे यांचे बारकावे चव्वेचाळीस वर्षांच्या स्मरणातून आणि मधल्या काळातील प्रचंड वाचनातून आलेले आहेत. त्यानंतरची पायरी १९६०च्या दशकातील. एका अमेरिकन मासिकाने पायी हिंडण्याच्या आनंदावर लेख मागितला. लेख लिहिता लिहिता तो बल्गेरियाच्या सीमेवर पोचेपर्यंत आवाक्याबाहेर गेला आणि पुढच्या भागाचे दीर्घ हस्तलिखित तयार झाले. त्या वेळी हिरवी वही लेखकाजवळ नव्हती. तिसरी पायरी १९७७ आणि १९८६च्या सिद्ध ग्रंथांची.

या पायऱ्या पारखून पाहणाऱ्याला काही विसंगती सापडतात. हंगेरीच्या मैदानातून मालेक नावाच्या उसन्या घोड्यावरून केलेली रपेट ही दुसऱ्या खंडातील वाचकप्रिय प्रकरणांपैकी एक आहे. ती जशी लिहिली तशी सर्वस्वी घडली नव्हती, घोड्यावर बसणे झाले होते पण सारे मैदान घोड्यावरून ओलांडले नव्हते, ही कबुली लेखकांनी आपल्या चरित्रकार आर्टेमिस कूपर यांच्यापाशी दिली आणि ती २०१२च्या चरित्रात आली. मग हे प्रवासवर्णन की कादंबरी? हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. ‘माझा प्रवास’च्या चिं. वि. वैद्य यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत संपादकाचा हात किती फिरला होता हे, दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता १९६६ साली प्रसिद्ध केल्यावरच नीट कळले. गोडसे भटजींच्या ग्रंथातील तारखा आणि क्रम तपासणारे इतिहासकार त्यांच्या चुका दाखवितात, तरीही झाशीतील कत्तलीचे त्यांचे वर्णन साक्ष म्हणून टिकते. साक्ष आणि नोंद यांच्यातील हा फरक फर्मर यांनाही लागू पडतो. मात्र एक भेद करावा लागतो. भटजींच्या चुका विस्मरणाच्या आहेत. फर्मर यांच्या काही चुका हेतुतः केलेल्या आहेत. घोड्याच्या बाबतीत हेतू केवळ शैलीचा होता, आणि तेवढा दोष त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे. यजमानांची नावे बदलण्याचे कारण निराळे होते. एखादे प्रेमप्रकरण झाकावयाचे असे. शिवाय पुस्तके लिहिली जात असताना जुन्या मित्रांपैकी काही जण लोखंडी पडद्यामागे हयात होते. तेथे पूर्वाश्रमीचा जमीनदार असणे हाच अपराध होता आणि परदेशी स्नेही असणे हा दुसरा.

त्या अपराधाची शिक्षा ज्यांना भोगावी लागली त्यांच्यात या कहाणीतील सर्वांत जवळची व्यक्ती होती. कॉन्स्टँटिनोपल गाठल्यानंतर १९३५ साली अथेन्समध्ये वीस वर्षांच्या फर्मर यांची ओळख बालाशा कांताकुझीन या रुमानियन राजकन्येशी झाली. ती चित्रकार होती, त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठी, आणि बायझंटाईन सम्राटांशी नाते सांगणाऱ्या घराण्यातील. पुढची चार वर्षे बव्हंशी मोल्डाव्हियातील बालेनी या तिच्या घरी गेली. चित्रे, ग्रंथ, फ्रेंच संभाषण, बर्फात अडकलेले हिवाळे. वाटसरू येथे घरचा झाला. बालपणी जे घर मिळाले नाही ते बालेनीत मिळाले, असे चरित्रग्रंथावरून अनुमान करता येते. १९३९च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच फर्मर सैन्यात दाखल होण्यासाठी इंग्लंडला गेले. लवकरच परत येऊ या समजुतीने हिरवी वही मागेच राहिली.

परत येणे झाले नाही. फर्मर क्रीट बेटावर लढले. तेथे १९४४च्या एप्रिलमध्ये जर्मन सेनापती क्राइपे याला पळवून नेण्याच्या धाडसाने त्यांचे नाव झाले. इकडे रुमानियात साम्यवादी सत्ता आली. १९४५च्या जमीनसुधारणेत मोठ्या जहागिरी तुटल्या, आणि मार्च १९४९च्या एका रात्री उरलेल्या जमीनदारांची घरेही एकाच वेळी ताब्यात घेण्यात आली. बालेनीला ट्रक आला. बालाशा आणि तिची बहीण यांना सामान बांधण्यासाठी पाव तास देण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरातून पाव तासात काय घ्यावे? गरम कपडे, काही किडूकमिडूक, आणि दहा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या पाहुण्याची वही. पुढे पुचोआसा या गावी एका खोलीवजा जागेत दोघी बहिणी राहिल्या. भाषांच्या शिकवण्या घेऊन बालाशा यांनी दिवस काढले.

१९६५ साली फर्मर यांना रुमानियात जाता आले. परदेशी माणसाची भेट घेणे त्या कुटुंबाला धोक्याचे असल्याने ते रात्री गुपचूप पुचोआसाला पोचले. सव्वीस वर्षांनी भेट झाली. निघताना बालाशा यांनी ती वही त्यांच्या स्वाधीन केली. येथे यजमान आणि पाहुणा यांचे नाते उलटे होते असे वाटण्याचा संभव आहे, पण तसे घडत नाही. सर्वस्व गेल्यावरही देणारी तीच राहिली, जसे म्युनिकला निर्वासित बॅरन होरेसची प्रत देणारे राहिले होते. पहिल्या ग्रंथाच्या नावातील ‘गिफ्ट्स’ या शब्दाचा अर्थ या दोन घटनांच्या मध्ये शोधावा लागतो.

वही हाती आल्यावर लेखन सुकर व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ती लेखकाला अडचणीची झाली असावी. तीतील मुलगा घाईत लिहितो, पार्ट्यांची आणि मुक्कामांची जंत्री देतो, त्याला पुढचे काही माहीत नाही. प्रौढ लेखकाला सगळे माहीत आहे. पहिले दोन खंड लिहिताना हा सांधा जुळला. तिसरा खंड, ज्याचा शेवट कॉन्स्टँटिनोपलला व्हावयाचा होता, पंचवीस वर्षे जुळला नाही. वार्धक्य, पत्नीचे २००३ साली झालेले निधन, दृष्टी मंदावणे ही कारणे दिली जातात आणि ती खरी आहेत. परंतु तिसऱ्या खंडाची वाट रुमानियातून जात होती, आणि तेथील माणसांची कथा लिहिणे म्हणजे त्यांचा शेवट पुन्हा एकदा पत्करणे, हेही कारण नाकारता येत नाही. अखेर आर्टेमिस कूपर आणि कॉलिन थुब्रॉन यांनी साठच्या दशकातील हस्तलिखित संपादित करून ‘द ब्रोकन रोड’ सिद्ध केले. निवेदन काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, कॉन्स्टँटिनोपलच्या अलीकडे, वाक्य अर्ध्यावर सोडून थांबते. तेथून पुढे संपादकांनी १९३५च्या आरंभी आथोस पर्वतावरील मठांत लिहिलेली मूळ रोजनिशी जोडली आहे. लेखकाची घडीव शैली संपते आणि विशीच्या उंबरठ्यावरील मुलाचे साधे, धावते गद्य सुरू होते. त्रयीत त्याचा स्वतःचा आवाज, मधल्या काळाचा पडदा न पडता, एवढ्या विस्ताराने प्रथमच ऐकू येतो तो येथे.

बालाशा कांताकुझीन यांचे निधन १९७६ साली झाले. ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ छापून आले ते त्याच्या पुढच्या वर्षी.